घरात दोघी

"म्हणजे दोघींपुरतं उत्पन्न दाखवावं लागणार?" आईने विचारलं.

"हो. घरात बोलतं माणूस ठेवलं, की ते आपल्यावर अवलंबून आहे असं धरतात. मग ते जिवंत असो वा नसो."

शाल्मली दूध तापत ठेवून ओट्याला टेकली. या परक्या देशातल्या तिच्या वास्तव्याच्या परवान्याची मुदत उद्या संपत होती आणि तिचा पगार जेमतेम एकटीपुरता होता.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती; आता यंत्रात जपलेला तिचा आवाज घरात बोलायचा. "अगं, मी जेवत नाही, नेसत नाही, वीज तेवढी खाते," ती फ्रिजवरच्या स्पीकरमधून म्हणाली. "सांग त्यांना, पाहुणी आलेय."

"पाहुण्याला तीनच महिने राहता येतं. आणि भाडेकरारावर तुझं नाव मीच घातलंय. दारावर दोघींच्या नावाची पाटी लावता यावी म्हणून."



"मग पुसून टाक मला. तुला इथून घालवलं, तर तिकडे आता कोण आहे तुझं? आधी शेगडी बंद कर, दूध वर आलंय."

शाल्मलीने शेगडी बंद केली. मग आईचा आवाज पुसला आणि एकटीच्या नावाने अर्ज पाठवला.

परवाना दुसऱ्या दिवशी आला. त्यावरचं एकटीचं नाव ती उभ्यानेच वाचत राहिली, आणि मागे दूध उतू गेलं.