बारीक तारेचा गळ

"मासा सुटला पाहिजे," काकू म्हणाल्या. "असा गळ दे."

दुकानवालीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. वडिलांच्या मागे गळ-दोरीचं हे दुकान तीच चालवत होती, पण अशी मागणी आजवर कुणी केली नव्हती. तिने टार्पन माशाचे गळ समोर मांडले होते. जाड तारेचे, गोल वळणाचे. जिवंत खेकडा टोचायचा, मासा तो तोंडात घेऊन वळला की गळ आपसूक जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. टार्पन माणसाएवढा. तोंड दगडासारखं. बारीक तार तिथे सरळ होऊन जाते.

"मग बारीकच दे. दिसायला मात्र हुबेहूब असाच हवा. त्यांच्या डबीत गुपचूप बदलून ठेवीन."

ते म्हणजे घड्याळजी, काकूंचे यजमान. डॉक्टरांनी ताण घ्यायला सक्त मनाई केली होती. वर्ष झालं, काकूंनी त्यांचा मासेमारीचा रॉड कपाटात कोंडून ठेवला होता; आता तो परत द्यायचं त्यांनी ठरवलं होतं.

"खिडकीशी बसून नुसते पाण्याकडे बघत असतात. भांडत नाहीत गं. भांडले असते तर बरं झालं असतं."

दुकानवालीने बराच वेळ खोके धुंडाळले. तोच रंग, तेच वळण, तार मात्र निम्मी. पुडी बांधताना तिला काकूंकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं इतकं खाली आलं होतं की दुकानासमोरचा लाकडी धक्का कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. घड्याळजी स्टुलावर बसले होते, जणू धुक्यावरच. टार्पन हवा घ्यायला वर येत होते. त्यांचे सुस्कारे दुकानापर्यंत ऐकू येत होते.

अचानक रॉड वाकला. घड्याळजी उठून उभे राहिले. धुकं फाडून मासा वर आला, अख्खा चांदीचा, आणि खाली पडायचं विसरल्यासारखा हवेतच राहिला. मग पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा. आणि दोरी सैल पडली.

घड्याळजी कितीतरी वेळ तसेच उभे होते. दुकानवालीला स्वतःची लाज वाटली.

दुपारी ते दुकानात आले. सरळ झालेला गळ त्यांनी काउंटरवर ठेवला.

"काका, मी..."

"चाळीस वर्षं घड्याळाच्या तारा वळवल्यात मी. काल चिमटीत धरला तेव्हाच कळलं, हा टिकायचा नाही."

"मग बांधलात कशाला?"

"तीन उड्या बघायला मिळाल्या. चौथीला मीच टिकलो नसतो, पोरी." ते हसले. "असेच डझनभर दे."

तिने पुडी बांधून दिली. दारापर्यंत जाऊन ते थांबले.

"हिला यातलं काही बोलू नकोस हं. वर्षभर रात्र-रात्र माझा श्वास ऐकत जागी असायची." त्यांनी आवाज खाली आणला. "काल चक्क घोरत होती."