त्या घरचं मीठ

पोरींचा वर्ग शेरदिलखानाच्या घरी भरायचा, कारण डोंगरावरच्या त्या वस्तीत शेगडी असलेली रिकामी खोली त्याच्याकडेच होती. आणि जरगुनाच्या नवऱ्याला गोळी घातली होती तीही त्यानेच.

"नवऱ्याचं रक्त वाळलं वाटतं?" लेकीला सोडायला आलेल्या जरगुनाला त्याने दारातच डिवचलं.

"फळा तुझ्या घरात आहे म्हणून आले. नाहीतर तुझ्या दारात थुंकायलाही आले नसते!"

पलवशाला ती रोज घरची भाकरी बांधून द्यायची आणि बजावायची, "त्यांचा घासही तोंडात घालायचा नाही. ज्या घरचं मीठ खाल्लं, त्या घरावर आपल्यात बंदूक उचलत नाहीत. मग तुझ्या दादाने बापाचा सूड घ्यायचा कसा?"

बर्फ वितळलं, दादाला मिसरूड फुटलं. त्याने खुंटीवरची बंदूक काढली, तशी पलवशा दारात आडवी आली.

"दादा, मी जेवलेय त्यांच्याकडे."

जरगुनाने फाडकन तिच्या थोबाडीत दिली. "सटवे, एवढी भूक लागली होती तुला?"

गाल चोळत पलवशा म्हणाली, "भूक नव्हती, आई."