कुसुमताईंचा गिअरबॉक्स

“ऑटोमॅटिक? त्याला गिअरबॉक्स नाही म्हणत. पाळणा म्हणतात,” प्रतापराव म्हणाले आणि बुटाच्या टोकाने त्यांनी तो गिअरबॉक्स डिवचला. जणू रस्त्यात काहीतरी मरून पडलं होतं.

कुकटपल्लीच्या त्या गॅरेजच्या शेडमध्ये त्यांची जुनी अँबॅसडर तोंड वासून उभी होती. बॉनेटखाली टर्बो इंजिन बसलं होतं, भंगारात गेलेल्या एका जपानी जीपचं. अँबॅसडरचा मूळचा गिअरबॉक्स या इंजिनापुढे टिकणार नव्हता. पहिल्याच फ्लायओव्हरवर त्याचे दात गळाले असते. म्हणून जमिनीवर दोन नवे मांडून ठेवले होते. एक पाच गिअरचा, क्लचवाला. दुसरा ऑटोमॅटिक. जो ठरेल त्याच्या मापाने आज गाडीचा तळ कापायचा होता, आणि कापलेला पत्रा काही परत उगवत नाही.

ऑटोमॅटिक कुसुमताईंनी सांगितला होता. गाडी त्यांच्या वडिलांची, अप्पारावांची. पण प्रतापराव नवरा होते, त्यामुळे मत त्यांचं.

राज्याची वाटणी झाली तशी ऑफिसांचीही झाली. कुसुमताईंचं ऑफिस विजयवाड्याला निघालं. सोमवारी त्यांना तिकडे हजर व्हायचं होतं. प्रतापराव मोठ्या हुद्द्यावरून रिटायर होऊन घरी होते. सल्ले देण्याची नोकरी तेवढी चालू होती. खरी अडचण कुसुमताईंच्या आईची, म्हणजे प्रतापरावांच्या सासूबाईंची. सावित्रीबाईंना दर आठवड्याला कोठी भागातल्या दवाखान्यात न्यावं लागे. त्यांचे गुडघे वाकत नसत. अँबॅसडरच्या ऐसपैस दारातून त्या कशाबशा आत शिरत. रिक्षात बसवणं म्हणजे लोखंडी कपाट चढवणं. आजवर कुसुमताई नेत होत्या. ड्रायव्हर ठेवून झाले होते, पण प्रतापरावांच्या तोंडापुढे एकही टिकला नाही. शेवटचा तर सिग्नललाच गाडी बंद करून उतरून गेला. कुसुमताईंना ऑफिस सोडून धावत यावं लागलं.

“साब, पाच गिअर मजबूत है, मगर क्लच सख्त है,” गॅरेजचे मालक मुनीर उस्ताद म्हणाले. “आटोमॅटिक में पाँव कू आराम है. तुम दोनों मिलके एक बोलो, मैं पत्रा काटतूं.”

“हिला काय कळतंय त्यातलं,” प्रतापराव मराठीत म्हणाले. उस्तादांना मराठी छान समजत होतं, पण ते प्रतापरावांना कुठे समजलं होतं. “अगं, विजयवाड्याचा हायवे आहे तो. ट्रकमागे अडकलीस की खाली थर्ड टाकायचा आणि टर्बोच्या जोरावर सुटायचं. पाळण्यात बसून काय करशील? हॉर्न वाजवशील?”

“वाजवीन की,” कुसुमताई म्हणाल्या.

“बायकांना गिअर म्हटलं की घाम फुटतो. स्कूटरसुद्धा बिनगिअरची लागते. आता या गाडीलाही तेच करून ठेव.”

मग त्यांनी उस्तादांना टॉर्क म्हणजे काय ते समजावलं. उस्ताद हातातलं ग्रीस पुसत ऐकत राहिले. प्रतापरावांना माहिती होती, हे मात्र खरं. डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून, गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे ते ते सांगत. सगळ्या लग्नांत हा कार्यक्रम होत असे. कुणी सांगा म्हणो वा न म्हणो.

शेडच्या दाराशी एक जीप उभी होती. तिच्यात असाच पाच गिअरचा डबा होता. उस्तादांनी तिची चावी पुढे केली. “साब, एक चक्कर मारके देखो. क्लच पाँव कू जमा तो जमा, नहीं तो नक्को.”

प्रतापरावांनी चावीकडे असं पाहिलं, जणू कुणीतरी त्यांना बालवाडीत बसायला सांगतंय.

“मला ट्रायल? हिला द्या. जिला जमत नाही तिला कळू दे.”

कुसुमताईंनी चावी घेतली आणि पदर खोचला. प्रतापराव मागे बसले.

गल्ली अरुंद होती, समोरून पाण्याचा टँकर आला. “सेकंड टाक,” मागून हुकूम आला. सेकंड पडलेला होता. “आता थर्ड. अगं थर्ड म्हटलं ना मी.” थर्ड मघाशीच पडला होता, इतका अलगद, की आवाजावरून ओळखणाऱ्या माणसालाही तो ऐकू आला नाही. मोठ्या रस्त्यावर पाचवा पडला. परत येऊन कुसुमताईंनी जीप उलटी घेतली आणि दोन ड्रमांच्या मधल्या फटीत एका दमात लावली.

“बघ, जमतंय की,” प्रतापराव उतरून म्हणाले, जणू त्यांनीच चालवली होती. “नुसते लाड हवेत तुला, दुसरं काही नाही. उस्ताद, पाच गिअरवाला बिठाव. मॅडम को आता है.”

उस्तादांनी कटर उचललं.

“थांबा उस्ताद,” कुसुमताई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. “अहो, मी ट्रेनने जातेय. रिझर्वेशन झालंय. गाडी इथेच राहणार.”

“इथे?” प्रतापराव हसले. “इथे ठेवून काय पूजा करायचीय? आईंना कोठीला कोण नेणार, कुणी आहे का घरात चालवणारं?”

“नाही ना,” कुसुमताई म्हणाल्या. “म्हणून तुम्ही शिकायचं. पाच गिअर शिकायला तुम्हाला वर्ष लागेल आणि शिकवायला मी इथे नाही. ऑटोमॅटिक तुमच्यासाठी सांगितलाय.”