बोट धरून

मुलीचं बोट नकाशावरच्या उंच रेघेपाशी अडलं. मागे गेलं, पुन्हा तिथेच आलं. मोठ्या बाईंना बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं.

अंध मुलांच्या त्या शाळेत उठावाचे नकाशे बावीस वर्षं त्याच शिकवत होत्या. धाग्याची नदी, वाळूचं वाळवंट, सगळं घरी बसून स्वतः चिकटवायच्या. एकेका मुलाचं बोट हातात धरून रेघेरेघेवरून फिरवायच्या. धाकट्या जावेला इथे नोकरी लावून दिली तीही त्यांनीच, आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. वर्षभरात मुलं उठता-बसता ‘धाकट्या बाई, धाकट्या बाई’ करू लागली. ती तर कुणाच्या बोटाला हातही लावायची नाही. नकाशा पुढे ठेवायची आणि खुशाल हाताची घडी घालून बसायची. याला शिकवणं म्हणायचं? घरी सासूबाईंना तिचंच कौतुक, ते एक वेळ गिळलं. पण पहिलीपासून आपल्या हाताखाली वाढलेली ही मुलगीही तिकडे गेली, तेव्हा बाईंचा नुसता जळफळाट झाला.

पुढच्या वर्षी नकाशाचा तास कुणाकडे, ते आज मुख्याध्यापक ठरवणार होते. “माझाच जुना नकाशा द्या या मुलीला,” बाईंनीच सुचवलं होतं. “आणि धाकटीच्या पद्धतीनं, हात न धरता.”

“धरण सापडलं का गं?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“शोधतेय, सर.”

“बघा आता,” बाई म्हणाल्या. “माझ्याकडे चुटकीसरशी सांगायची. होतं तेही हिनं घालवलं.”

“ताई, थोडा वेळ द्या तिला,” धाकटी शांतपणे म्हणाली.

त्या शांतपणानंच बाईंचं डोकं फिरलं. कालची पोर, ही मला शिकवणार! त्या तरातरा पुढे झाल्या. मुलीचं बोट धरून त्यांनी नकाशाच्या कडेला टेकवलं आणि रागारागानं आत सरकवलं. बोट जेमतेम वाळूवर पोचलं होतं.

“हे धरण,” मुलगी लगेच म्हणाली.

“अगं, ते वाळवंट आहे,” मुख्याध्यापक म्हणाले.

मुलगी गोंधळली. तिनं बाईंच्या दिशेनं मान वळवली.

“पण बाई, तुम्ही हात आवळलात ना? तुमच्या वर्गात आम्ही सगळे उत्तर तसंच तर ओळखायचो.”