शंभर वर्षांनंतरची सांगली

१९४६ साल. भालचंद्राचं नवं चित्र उद्या सांगलीच्या प्रदर्शनात लागणार होतं. शंभर वर्षांनंतरचं आपलं गाव त्याने काढलं होतं. कृष्णा आभाळातून वाहत होती, हळदीची पोती पंख पसरून पेठेवरून उडत होती आणि एक बाई ढगांवरून मोटार हाकत चालली होती. तिला चेहरा त्याने आपल्या विधवा बहिणीचा, गोदाक्काचा दिला होता.

"शंभर वर्षांत काय वाटेल ते होईल बघ, अक्का," तो चहा घेऊन आलेल्या गोदाक्काला म्हणाला.

ती बराच वेळ चित्रासमोर उभी राहिली. मोटार तिला फार आवडली.

"भालू, तेव्हाही माझं कपाळ मोकळंच का रे?"

त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. रोज दिसायचं तसंच त्याने काढलं होतं. ओशाळून त्याने कुंचला लाल रंगात बुडवला, चित्रातल्या कपाळापर्यंत नेला आणि तिथेच थांबला.


"नको गं अक्का," तो खाली बघत म्हणाला, "लोक म्हणतील, काहीतरीच काढलंय."