अकराच्या तारा

संग्रहालयाची बाई तालमीच्या खोलीत जमिनीवरच मांडी ठोकून बसली होती. रॉकच्या मंचावर दादांनी तीस वर्षं जे जे वापरलं, ती प्रत्येक गिटार, प्रत्येक अँप्लिफायर, पायाखालचं प्रत्येक पेडल ती सालवार लिहून घेत होती. दादा खुर्चीत रेलून ऐटीत सांगत होते. त्यांचं सामान सांभाळणारा मिस्त्री मागे केबली गुंडाळत उभा होता. चोवीस वर्षांच्या चाकरीत दादांच्या थापा कुठे सुरू होतात, हे त्याला तोंडपाठ झालं होतं. आज मात्र त्याला थापांची नाही, खऱ्याची धास्ती होती.

"सगळं बदललं, तारा नाही बदलल्या," दादा म्हणाले. "पहिल्या दिवसापासून अकराच्या. आकडा लहान तेवढी तार बारीक, आणि बोटाला सोपी. हल्लीची पोरं नऊच्या लावतात. मी डोळे मिटून नुसत्या स्पर्शाने सांगेन, कितीची तार आहे ते."

मिस्त्रीने न मागताच तारांचं पाकीट पुढे केलं. त्यावर अकरा छापलेलं होतं. बाईने आकडा लिहून घेतला, फोटोही काढला. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला.

पण बाई कामाला पक्की निघाली. तिने पिशवीतून जाडी मोजायचं कॅलिपर काढलं, स्टँडवरची गिटार मांडीवर घेतली आणि सगळ्यात बारीक तार त्याच्या चिमट्यात धरली. आकडा बघून तिने यंत्र पुसलं आणि पुन्हा मोजलं.

"सर, ही आठची आहे."

यंत्र बिघडलं असेल, असं म्हणून दादा हसले. तिने दुसरी गिटार घेतली, मग तिसरी. तिन्हींवर आठच. आता दादांनी मान वळवून मिस्त्रीकडे पाहिलं.

दुकानदाराने फसवलं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मिस्त्रीने हातातली केबल खाली ठेवली. एका कार्यक्रमाच्या तालमीत सूर चढवायला दादांनी तार ओढली आणि बोटांचा जोर कमी पडून सूर जागेवर पोचलाच नाही, हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. दादांना त्याचा पत्ताही नव्हता. त्याच संध्याकाळी त्याने दहाच्या तारा चढवल्या. पुढे नऊच्या, मग आठच्या, सगळ्या अकराच्या जुन्याच पाकिटांत घालून. आज ना उद्या दादांच्या बोटांना कळेल आणि आपला उद्धार होईल, अशी तो दर वेळी वाट बघायचा. शिव्या कधी आल्याच नाहीत, आणि त्याचंच त्याला सगळ्यात वाईट वाटत आलं होतं.

"कधीपासून?" दादांनी विचारलं.

"सात वर्षं झाली, दादा. बंदरावरच्या कार्यक्रमापासून."

दादांचा सगळ्यात गाजलेला कार्यक्रम तो. त्याचं पोस्टर समोरच्या भिंतीवर होतं. दादांनी तिकडे बघितलं नाही. डाव्या हाताच्या बोटांची टोकं त्यांनी अंगठ्याच्या नखाने एकेक करून दाबून पाहिली, आधी हलके, मग नख रुतेपर्यंत.

बाई ओशाळली. ही बाब नोंदीत नसली तरी चालेल, म्हणाली.

"लिहा," दादा म्हणाले. "माझी यादी त्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संपवा. त्यापुढचं सगळं याच्या नावावर लिहा."