'स' आणि 'त' यांचं भांडण

"काकू, तुमचे 'स' आणि 'त' परत भांडले हो!" फोनवर वाचनालयाचे ग्रंथपाल होते.

"आता कुठे?"

"परतीच्या पावतीवर. 'पुस् तक' छापलंय. दोघांत ही एवढी फट!"

"करते समेट." काकू हसल्या. मग ग्रंथपालांनी सांगितलं, की आज वाचनालयात चिटपाखरू फिरकलं नाही. काकूंनी खिडकीखालच्या रस्त्याचं खोदकाम ऐकवलं. गप्पा लांबल्या. चूक मात्र चुटकीसरशी दुरुस्त झाली. त्या पानावरची. फक्त त्याच पानावरची.

वाचनालयाचा प्रोग्राम काकूंच्या आधी कुणीतरी लिहिला होता आणि अक्षरं जुळवणारा कोडचा एकच तुकडा पानोपानी चिकटवून ठेवला होता. म्हणजे चूकही पानोपानी! काकूंना सगळ्या जागा तोंडपाठ. एका बैठकीत त्यांनी सगळ्या निस्तरल्या असत्या. पण मग फोन कशाला आला असता? ऑफिसातली पोरं कानात गाणी कोंबून बसायची, आणि घरी वाट बघायला होतं ते कुलूप.

शेवटी साहेबांच्या लक्षात आलंच. "काकू, इकडे ठिगळ लावलं की तिकडे उसवतंय. तो तुकडा एकाच जागी ठेवा, बाकीची पानं त्यालाच जोडा. कटकट कायमची मिटेल."

"मिटेल खरी," काकू म्हणाल्या.

काम हाती घेतल्यावर मात्र त्यांना अंगचोरपणा जमेना. एकेक नक्कल पुसली, एकेक पान तपासलं. 'स' आणि 'त' सगळीकडे गळ्यात गळे! नवा प्रोग्राम वाचनालयात बसला आणि फोन मुका झाला. काकू अधूनमधून तो उचलून कानाला लावायच्या. चालू आहे ना, एवढंच बघायला.

एका दुपारी तो वाजला.

"काकू, परत भांडले हो!"

एखादी नक्कल राहिली की काय? लाजावं की हरखावं, त्यांना कळेना. "कुठे?"

"आपलं ते... सभासदांसाठीच्या सूचनेवर."

"थांबा, तुमच्या संगणकाचा पडदा माझ्याकडे उघडते."

"सावकाश हो. अजिबात घाई नाही."

पण पडदा तोवर उघडलाही होता. सूचनेत 'पुस्तक' अगदी घट्ट जोडलेलं होतं. काकू बघत असतानाच ग्रंथपालांचा कर्सर लगबगीने त्या शब्दापाशी आला, नेम धरून मधोमध शिरला, आणि 'त' हळूच 'स'पासून बाजूला सरकला.